सटवाईचं लिखाण आणि आमची कॅश

स्तुती नेहमी सावध माणसांच्या वाट्याला येते. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना ते दोनदा बघणारे, कुलूप लावल्यावर ते ओढून पाहणारे, शेजारून आणलेलं पातेलं घासूनपुसून परत करणारे, अशांवर शाळेत धडे असतात. उरलेल्या आम्हा लोकांवर कुणी चार ओळी खरडत नाही. मी बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आहे. त्यातली बरीच वर्षं एकाच कामात गेली. फाईलचं हेडर एकदा वाचायचं आणि मेमरीत जपून ठेवायचं. ऐकायला हे काम पोस्टाच्या तिकिटाएवढं वाटतं. पण त्यात बेफिकिरीला केवढा वाव आहे आणि त्या बेफिकिरीने माणूस किती निवांत राहतो, हे जगापुढे यावं म्हणून हा लेख.

आधी हेडर म्हणजे काय ते सांगतो. मूल जन्मलं की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी आपली समजूत. फाईलचंही तसंच आहे. बायनरी फाईल उघडली की पहिल्या काही बाइटांतच ती कोण, कुठल्या कुळातली, हे लिहिलेलं सापडतं. पीएनजी चित्राचे पहिले ८ बाइट ठरलेले असतात. जीआयएफच्या कपाळी ८७ किंवा ८९ असं सालच गोंदलेलं असतं. झिप फाईल ‘पीके’ या अक्षरांनी सुरू होते. ती तिचा आराखडा करणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. विंडोजचा प्रोग्राम ‘एमझेड’ने सुरू होतो, ती मार्क झ्बिकोव्स्की यांची. म्हणजे काहींनी बाळाच्या कपाळावर नशिबाऐवजी स्वतःचंच नाव लिहून घेतलं. लिनक्सवरची ईएलएफ फाईल मात्र अस्सल. तिचे पहिले चार बाइट कुळाचे. पाचव्या बाइटात ती ३२ बिटांची की ६४ हे लिहिलेलं, आणि सहाव्यात आकड्यांचं मोठं टोक आधी वाचायचं की लहान, हे. पाचवी आणि सहावी! हा आराखडा आखणाऱ्यांच्या शेजारी एखादी मराठी सुईण राहत असावी, असा मला दाट संशय आहे.

आता सटवाईचं लिखाण बदलत नाही, हे सर्वमान्य आहे. मग ते पुन्हा पुन्हा कशाला वाचायचं? एकदा पाहिलं की झालं. माझं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात मावतं.

वाचलेलं जपून ठेवण्याच्या जागेला आमच्या धंद्यात ‘कॅश’ म्हणतात. सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की जावई कंपनीत कॅश सांभाळतात. तेव्हापासून त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल एक आदर आणि थोडी काळजी असते. मी खुलासा केलेला नाही. कारण हिशोब पाहिला तर काम रोकडीचंच आहे. मेमरीतली एखादी गोष्ट हाताशी यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला जागा शोधून ती आणायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक लाख पट. हा हिशोब मी मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिला, लाखावरची शून्यं ठळक केली आणि मागे सरून उभा राहिलो.

आमचा प्रोग्राम लग्नाच्या अल्बमची पानं लावतो. स्टुडिओवाला चार हजार फोटोंचा फोल्डर त्यात टाकतो. प्रोग्राम प्रत्येक फोटोचं हेडर वाचून रुंदी, उंची आणि फोटो आडवा की उभा हे पाहतो आणि पानं आखतो. ‘‘सर, हेडर वाचण्यात आपला खरंच किती वेळ जातो? मोजलंय का कुणी?’’ असं टीममधल्या एका नव्या मुलीने विचारलं. मी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. मोजणं हा स्वतःवर विश्वास नसलेल्यांचा छंद आहे, हे वयानुसार कळतं. त्याच आठवड्यात मी कॅश लिहायला घेतली आणि तीन व्रतं धरली. परत बघायचं नाही, परत द्यायचं नाही, कुलूप लावायचं नाही.

पहिलं व्रत सोपं. फाईलच्या नावापुढे तिची मापं लिहून ठेवायची आणि पुन्हा त्या नावाची फाईल आली की वहीतली मापं सांगायची. स्टुडिओतल्या मुलाने नवरदेवाचा एक फोटो फिरवून, सरळ करून, त्याच नावाने सेव्ह केला. माझ्या वहीत तो अजून आडवाच होता. प्रोग्रामने उभ्या फोटोला आडव्या चौकटीत बसवलं. नवरदेव इतका रुंद झाला की मुंडावळ्या कानांपासून हातभर लांब लोंबत होत्या. ग्राहकाचा फोन आला, तेव्हा मी त्यांना शांतपणे समजावलं की सटवाईचं लिखाण बदलत नाही. ते म्हणाले, ‘‘साहेब, लिखाण तेच असेल, पण तुम्ही पाळण्यातलं पोरच बदललेलं पाहिलं नाहीत.’’ व्यवहारी माणसं तत्त्वज्ञान असं मोडीत काढतात.

फिल कार्ल्टन नावाच्या अभियंत्याचं एक मत आमच्या धंद्यात पाठ असतं. संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, कॅश शिळी झाली हे ओळखणं आणि नावं ठेवणं. त्यातलं दुसरं आपल्याकडे कधीच अवघड गेलेलं नाही. पहिल्यासाठी भित्री मंडळी दर वेळी फाईलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ ताडून पाहतात. पण तिथेही नियती आमच्या बाजूने आहे. कॅमेऱ्याच्या कार्डावर चालणाऱ्या जुन्या फॅट पद्धतीत बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदवली जाते. त्या दोन सेकंदांत फाईल बदलून तेवढ्याच आकाराची दुसरी ठेवली तर ताडणाऱ्यालाही काही कळत नाही. मग ताडायचं तरी कशाला?

दुसरं व्रत मेमरीचं. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडून मेमरी मागून घेतो आणि काम झालं की ती परत द्यायची असते. शेजारणीच्या पातेल्यासारखंच. आता पातेलं परत दिलं की पुन्हा लागतं, हा घरोघरचा अनुभव. म्हणून मी कॅशला मर्यादाच घातली नाही. ज्या कॅशमधून काही बाहेर पडत नाही तिला काही लोक गळती म्हणतात. मी तिला साठा म्हणतो.

त्या साठ्यात आणखी एक खुबी होती, ती मला स्वतःलाही फार उशिरा कळली. हेडरमधून मला हवे होते तीन आकडे: रुंदी, उंची, दिशा. प्रत्येकी ४ बाइट धरले तर १२ बाइट. चार हजार फोटोंचे मिळून ४८ हजार बाइट होतात. जुन्या फ्लॉपीतही ते पायात पाय न अडकता राहिले असते. पण आकडे उतरवून घेणं म्हणजे नक्कल करणं, आणि नकलेला वेळ लागतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मी आकडे न उतरवता, ते आकडे जिथे आहेत तिकडे बोट दाखवणारा पॉइंटर तेवढा ठेवला. आणि ते जिथे होते ती जागा म्हणजे मेमरीत आणलेला अख्खा २० एमबीचा फोटो. बोट आहे तोवर फोटो हलवता येत नाही. सुतळीचा तोडा हवा म्हणून दावणीला म्हैस बांधून ठेवावी, तसा प्रकार. स्टुडिओतल्या ८ जीबीच्या मशीनवर अल्बम ४०० फोटोंपर्यंत कसाबसा पोचायचा. चार दिवसांच्या लग्नात ४०० फोटो म्हणजे सीमांतपूजनही उरकत नाही. मंगलाष्टका आमच्या प्रोग्रामने कधी ऐकल्याच नाहीत.

या बाबतीत मी एकटा नाही, हे सांगायला अभिमान वाटतो. जावा भाषेत मोठ्या मजकुरातून चार अक्षरं कापून घेतली तर त्या चार अक्षरांमागे सगळा मूळ मजकूर मेमरीत बसून राहायचा. २०१२ साली जावा ७ च्या सहाव्या अपडेटमध्ये ही प्रथा बंद करण्यात आली. एक समृद्ध परंपरा खंडित झाली, दुसरं काय.

स्टुडिओवाल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा मी व्रत थोडं शिथिल केलं. कॅश भरली की जुन्या नोंदी फेकायला लागलो. फेकताना ती नोंद आत्ता कुणी वाचतंय का, हे विचारणं मला असभ्य वाटलं. भाडेकरूने खोली सोडली, पण किल्लीची नक्कल खिशात राहिली, अशी त्याची गत झाली. मालकाने खोली दुसऱ्याला दिली. जुना भाडेकरू रात्री येऊन दार उघडतो आणि अंधारात ओळखीच्या खुंटीवर शर्ट टांगतो. तिथे आता कुणाचा तरी देव्हारा असतो.

आमच्या प्रोग्राममध्ये ती मोकळी झालेली जागा फोटोखालच्या मजकुराला मिळाली. मजकूर होता ‘शुभमंगल’. जुन्या थ्रेडने, म्हणजे प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या एका कामाने, तिथे रुंदी वाचली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘शु’चे पहिले चार बाइट इंटेलच्या पद्धतीने एक आकडा म्हणून वाचले की ३७७ कोटी ६६ हजार १४४ येतात. तेवढे पिक्सेल, इंचाला ३०० या हिशोबाने छापायचे म्हटले तर फोटो ३१९ किलोमीटर रुंद होतो. नवरदेवाचा एक कान पुण्यात ठेवला तर दुसरा सोलापूर ओलांडून जातो. प्रोग्राम तिथेच कोसळला. माझ्या मते त्याने घाई केली. कागदवाल्याला विचारायला हवं होतं.

अशा चुकांना कमी लेखणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की दर वर्षी त्यांच्या उत्पादनांत ज्या सुरक्षेच्या चुका निस्तराव्या लागतात, त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापराच्या असतात. गूगलच्या क्रोमियमचा गंभीर चुकांचा हिशोबही ७० टक्क्यांच्याच आसपास निघाला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या या सोडलेल्या खोलीत शिरण्याच्या. इतकी मोठी एकवाक्यता आजकाल कुठल्या सभेत दिसते?

शिवाय हेडर जे सांगेल ते खरं मानावं, हा भाबडेपणाही जोपासण्यासारखा आहे. हेडर म्हणालं, पुढे ६४ हजार अक्षरं आहेत, तर आहेत. कपाळावर लिहिलेलं खोटं कसं असेल? २०१४ साली ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ची चूक याच विश्वासावर उभी होती. पाठवणारा निरोपाची लांबी खोटी सांगायचा, आणि सर्व्हर प्रामाणिकपणे तेवढी मेमरी, शेजारपाजारच्या गुपितांसकट, परत पाठवायचा. पुढच्याच वर्षी अँड्रॉइडचं ‘स्टेजफ्राइट’ निघालं. त्यात व्हिडिओ फाईलमधल्या आकारांच्या आकड्यांनी घात केला. २०२३ मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीचीही पाळी आली. अतिथीच्या शब्दावर विश्वास ठेवणारी अशी घरं आता दुर्मीळ होत चालली आहेत.

आता तिसरं व्रत, आणि माझं सर्वांत आवडतं. मशीनला आठ कोअर होते. एकाच थ्रेडने काम करणं म्हणजे आठ बैलांच्या औताला एक बैल जुंपून सात गोठ्यात ठेवणं. म्हणून मी आठ थ्रेड सोडले. आठही एकाच कॅशमधून वाचायचे आणि तिच्यातच लिहायचे. अशा वेळी भित्री मंडळी लॉक लावतात. एक जण आत गेला की दुसऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबायचं. मी एकत्र कुटुंबात वाढलो. आमच्या घरी कुठल्याच खोलीला आतून कडी नव्हती आणि काही बिघडलं नाही, निदान सांगण्यासारखं.

कडी नसल्याचे फायदे लगेच दिसू लागले. एक थ्रेड करवलीच्या फोटोची मापं लिहीत होता. त्याने रुंदी लिहिली आणि उंची लिहिणार, एवढ्यात दुसऱ्या थ्रेडने ती नोंद वाचली. त्याला रुंदी करवलीची मिळाली आणि उंची त्या जागी आधी बसलेल्या मामांची. प्रोग्रामच्या दृष्टीने असा एक नातेवाईक खरोखर अस्तित्वात आला. कॅशचं कपाट भरलं की ती स्वतः मोठं कपाट आणून सगळ्या नोंदी त्यात हलवते. हलवाहलव चालू असताना दुसरा थ्रेड जुन्या कपाटात हात घालून उभा असतो. जावाच्या जुन्या हॅशमॅपमध्ये तर दोघांनी एकदमच कपाट हलवायला घेतलं, की नोंदींची साखळी कधीकधी स्वतःचीच शेपटी तोंडात धरायची. मग शोधणारा थ्रेड त्या वर्तुळात कायमचा फिरत राहायचा आणि प्रोसेसर १०० टक्के गुंतलेला दिसायचा. व्यवस्थापकांना यापेक्षा जास्त काय हवं असतं?

कधीकधी विवेक डोकं वर काढतो. अशा कमकुवत क्षणासाठी एक मधला मार्ग आहे, दोनदा तपासण्याचा. आधी कुलूप न लावता बघायचं, नोंद आहे का. नसेल तरच कुलूप लावायचं, पुन्हा बघायचं, आणि मग भरायचं. कुलपाचा खर्च एकदाच. युक्ती इतकी देखणी आहे की १९९०च्या दशकात ती पुस्तकांतून शिकवली जात होती. अडचण एवढीच, की कंपायलर आणि प्रोसेसर सोयीनुसार कामांचा क्रम बदलतात. नोंद पूर्ण भरायच्या आधीच ‘नोंद तयार आहे’ ही पाटी बाहेर लागू शकते. वास्तुशांतीच्या पत्रिका पोचल्या, पाहुणे ताट-वाट्यांचा आहेर घेऊन दारात आले, आणि घराला अजून छप्पर नाही. जावात ही युक्ती मोडकी आहे असं जाणकारांनी लिहून सही करून सांगितलं, तरी ती वापरात राहिली. २००४ साली जावा ५ मध्ये मेमरीचे नियम दुरुस्त झाले, तेव्हा ती नीट लिहिणं शक्य झालं. सी++ भाषेला असे नियमच मिळाले ते २०११ मध्ये. तोवर जगभरच्या प्रोग्रामांत छप्पर नसलेली घरं होतीच, आणि पाहुणे जेवूनही जात होते. ऊन होतं तोवर.

कोण आधी पोचतो यावर निकाल ठरावा, अशा या थ्रेडांच्या शर्यतीचा जगाला लाभ झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांना तारे दिसले. ओहायोतल्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच एका शर्यतीत अडकून गप्प झाली होती. तारा एकामागून एक बंद पडत असताना तिथल्या कर्मचाऱ्यांना तासाहून जास्त वेळ कुठल्याही गजराचा त्रास झाला नाही. लिनक्सच्या गाभ्यातली ‘डर्टी काऊ’ ही शर्यत २००७ पासून तिथे होती. सापडली २०१६ मध्ये. नऊ वर्षं कुणाच्या डोळ्यांत न येता एका गाईने गोठ्यात राहायचं, यालाही काही साधना लागते. आणि १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. आधीच्या यंत्रांतली लोखंडी अडसरं काढून सगळी भिस्त प्रोग्रामवर ठेवली होती, आणि ऑपरेटरने भराभर दुरुस्ती केली की त्या प्रोग्राममधली दोन कामं एकमेकांच्या पुढेमागे व्हायची. त्या सहांपैकी काही जण दगावले. या उदाहरणापाशी आमच्या पंथातले लोक विषय बदलतात. मीही बदलतो.

लॉक लावायचाच झाला तर त्यातही आपली ओळख पुसू देऊ नये. वरिष्ठांनी फार दबाव आणला, तेव्हा मी एकच दणदणीत लॉक लावला, आणि डिस्कवरून फाईल वाचण्याचं कामही त्याच्या आतच ठेवलं. एक थ्रेड कुलूप लावून डिस्कची वाट बघत बसे आणि सात थ्रेड बाहेर रांगेत. रेशनच्या दुकानाची आठवण व्हावी अशी शिस्त. पुढे मी दोन लॉक केले, एक कॅशचा आणि एक नोंदवहीचा. एक थ्रेड कॅशचा लॉक धरून वहीची वाट पाहायचा. दुसरा वही धरून कॅशची. ज्यांनी रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला मागणारी दोन टेबलं पाहिली आहेत, त्यांना या अवस्थेचं वेगळं वर्णन नको. प्रोग्राम पडत नव्हता, चुकत नव्हता, फक्त थांबला होता. तीन महिन्यांतला त्याचा हा सर्वांत सुरक्षित काळ.

या चुका पकडता येत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. काय चाललंय ते बघावं म्हणून मी मध्ये एक ओळ छापायला लावली. छापायला वेळ लागतो, त्या वेळात थ्रेडांची गाठ चुकते, आणि चूक नाहीशी होते. ओळ काढली की चूक परत. मी ती ओळ तशीच ठेवली आणि वर टीप लिहिली, ‘हलवू नये’. गावाच्या वेशीवरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला कुणी हात लावत नाही, तसा त्या ओळीला आमच्या कंपनीत अजून कुणी हात लावलेला नव्हता. थ्रेडसॅनिटायझर नावाचं एक साधन आहे. ते दोन थ्रेड एकाच जागेवर कुठे धडकतात ते फाईलच्या नावासह आणि ओळीच्या आकड्यासह सांगतं. पण त्याने प्रोग्राम ५ ते १५ पट मंद होतो. एवढा वेळ घालवून आपल्याच चुकांची यादी कोण विकत घेईल? मी एकदा चालवलं. यादी दुसऱ्या पानावर गेली, तेव्हा बंद केलं.

निष्पक्ष राहायचं म्हणून भित्र्यांची रीतही सांगून टाकतो. ही माणसं पॉइंटर ठेवत नाहीत. हवे तेवढे १२ बाइट उतरवून घेतात आणि फोटो लगेच सोडून देतात. डिस्कवरचं वाचन लॉकच्या बाहेर करतात. नोंद आधी पूर्ण भरतात, मग लॉक लावून एका क्षणात कॅशमध्ये ठेवतात, आणि ठेवल्यावर तिला कधी हात लावत नाहीत. बदल झालाच तर नवी नोंद करतात. एकाच नोंदीचे अनेक वापरणारे असतील तर मोजदाद ठेवतात, म्हणजे शेवटी बाहेर पडणारा दिवा मालवतो. कॅशला मर्यादा घालतात आणि बरेच दिवस न विचारलेल्या नोंदी काढून टाकतात. हेडरमधल्या प्रत्येक आकड्याची फाईलच्या खऱ्या आकाराशी गाठ घालतात. काही तर रस्ट नावाच्या भाषेत लिहितात. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ ची. सोडलेल्या खोलीत शिरणारा किंवा कडी न लावता दोघांना लिहू देणारा प्रोग्राम तिचा कंपायलर बांधूनच देत नाही. चुलत आत्यासारखी दारातच उभी राहते आणि चप्पल कुठे काढलीस ते विचारते. अशा घरात करमणार कसं?

त्या नव्या मुलीचं राहिलं. मी आठवडाभर रजेवर होतो. परत आलो, तेव्हा माझी कॅश प्रोग्राममध्ये नव्हती. ‘हलवू नये’वाली ओळही नव्हती. ‘‘सर, आधी मोजलं आणि मगच काढलं,’’ ती म्हणाली. तिने चार हजार फोटोंचा अल्बम कॅशसकट लावला, मग कॅशशिवाय लावला. दोन्ही वेळांत चहाचा एक घोट घेण्याइतकाही फरक पडला नाही. सगळा वेळ जात होता तो फोटो उलगडून छोटे करण्यात. तिकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. स्टुडिओवाल्याचा त्यानंतर फोन आलेला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

‘‘पण तो लाख पटींचा हिशोब?’’ मी विचारलं. फळ्याच्या कोपऱ्यात माझी शून्यं अजून पुसट दिसत होती.

हिशोब बरोबर होता, असं तिने मला आदराने समजावलं. फाईल पहिल्यांदा वाचताना डिस्कवर जावंच लागतं, तिथे माझी कॅश काहीच कामाची नव्हती. दुसऱ्यांदा वाचताना डिस्कवर कुणी जातच नव्हतं. एकदा वाचलेली फाईल ऑपरेटिंग सिस्टिम ४०९६ बाइटांच्या पानांनी स्वतःच्या मेमरीत ठेवते. कुणी फाईलमध्ये लिहिलं तर त्या पानातही ते बदलतं, आणि जागा कमी पडली तर न लागणारी पानं ती सोडून देते. आमचा प्रोग्राम जन्मायच्या आधीपासून हे काम असंच चालू होतं, रोज, फुकट, आणि कुलूप लावून.